बापाची यादी आणि लेकराची ओळ



पुढच्या रांगांत संगणक शिकणारी मुलं बसली आहेत आणि मागे त्यांचे आईवडील. आजच्या विषयाला ही बैठक सोयीचीच आहे. मुलांच्या अभ्यासात एक धडा असतो: पॅरेंट आणि चाइल्ड यांचं नातं ऑब्जेक्टमधून डेटाबेसच्या टेबलात कसं उतरवायचं. मी तत्त्वज्ञानाचा मास्तर, प्रोग्राम लिहिणं माझं काम नव्हे. पण 'नातं नोंदवायचं ते नेमकं कुठे?' हा प्रश्न आमच्याही शास्त्राचा आहे. आणि वीर काय, महाड काय, सातबारा असलेल्या प्रत्येक घराचा तो आहे.

आधी दोन शब्द समजून घेऊ. प्रोग्राम चालू असताना संगणकाच्या मेमरीत वस्तूचं जे रूप तयार होतं, ते ऑब्जेक्ट. बाप नावाच्या ऑब्जेक्टच्या हातात एक यादी असते: ही माझी मुलं. यादी दोघांची असो की दहा जणांची, अडचण नाही. टेबल मात्र आपल्या रजिस्टरासारखं. ओळी आणि रकाने. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली या रिलेशनल पद्धतीचा पाया घातला. तिचा एक साधा नियम आहे: एका चौकटीत एकच गोष्ट लिहायची. मग बापाच्या ओळीत दहा मुलं कुठे लिहिणार?

उत्तर असं, की बापाच्या ओळीत मुलं लिहायचीच नाहीत. प्रत्येक मुलाच्या ओळीत बापाचा क्रमांक लिहायचा. बापाचा स्वतःचा क्रमांक ती प्रायमरी की, आणि मुलाच्या ओळीतला तोच क्रमांक ती फॉरेन की. म्हणजे बघा, मेमरीत बाप मुलाकडे बोट दाखवतो, टेबलात मुलगा बापाकडे. दिशाच उलटली. आजचं सगळं व्याख्यान या एका वाक्यात आहे.

आपल्याला हे नवीन नाही. मराठी माणूस आपल्या नावातच बापाचं नाव घेऊन फिरतो. कोणाही बापाच्या नावात मुलांची नावं नसतात. जमिनीचंही तसंच. सर्व्हे नंबर ४५ चे हिस्से पडले की ४५/१, ४५/२ असे क्रमांक येतात. पोटच्या तुकड्यावर मूळ क्रमांक लिहिलेला असतो.

आता मुलं हमखास चुकतात ती जागा. जावा भाषेत हायबरनेट नावाचं साधन आहे. गॅविन किंग यांनी २००१ साली ते सुरू केलं. ऑब्जेक्ट आणि टेबल यांच्यामध्ये दुभाष्याचं काम ते करतं. त्यात दोन्ही बाजूंनी नातं मांडलं, तर बहुधा मुलाची बाजू ही नात्याची मालक ठरवतात आणि बापाकडची यादी नुसता आरसा असतो. विद्यार्थी काय करतो? बापाच्या यादीत मूल घालतो आणि मुलाच्या अंगावर बाप लिहायला विसरतो. पडद्यावर सगळं ठीक दिसतं. प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला की मूल यादीतून गायब! कारण टेबलात त्याच्या ओळीतला बापाचा रकाना कोराच राहिलेला असतो.

मागे बसलेल्यांसाठी सांगतो. आठ-अ चा उतारा म्हणजे खातेदाराची यादी: याच्या खात्यावर या या जमिनी. सातबारा एकेका जमिनीचा, आणि त्यावर खातेदाराची नावं. हक्काची नोंद बघायची तर आपण सातबारा उघडतो. आता एका खातेदाराच्या अनेक जमिनी आणि एका जमिनीचे अनेक खातेदार, असं असलं तर? तेव्हा संगणकवाले तिसरं टेबल करतात. त्यात जमिनीचा क्रमांक, खातेदाराचा क्रमांक आणि हिस्सा. कारण 'चार आणे हिस्सा' हा नुसत्या माणसाचा गुण नाही आणि नुसत्या जमिनीचाही नाही. तो त्या दोघांच्या नात्याचा गुण आहे.

पुढचा प्रश्न: बापाची ओळ पुसली तर मुलांच्या ओळींचं काय? डेटाबेसला हे आधी सांगून ठेवावं लागतं. बापाबरोबर मुलंही पुसा, याला कॅस्केड म्हणतात. रेल्वेचं आरक्षण आणि त्यातले प्रवासी यांना ते चालेल. पण गाडी रद्द झाली म्हणून तिचे डबे भंगारात काढत नाहीत. तिथे फक्त दुवा मोकळा करायचा. तिसरा मार्ग म्हणजे मुलं आहेत तोवर बापाला पुसूच द्यायचं नाही. आपला सातबारा चौथी गोष्ट करतो. माणूस गेला की फेरफार होतो, वारसांची नावं लागतात आणि गेलेल्याच्या नावावर आडवी रेष येते. नाव पुसत नाहीत. ही मोठी शहाणी रीत आहे.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगतो. आजोबा वारले तेव्हा वंशावळ आम्हीच लिहून दिली. माझ्या वडिलांनी त्यात तीन भाऊ लिहिले. आत्या राहिली. वारस नोंद त्या यादीवरून झाली. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी बापाची वारस होतीच, २००५ च्या दुरुस्तीने तर तिला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाप्रमाणे जन्मतः हक्क दिला. पण आम्ही दुरुस्ती करायला गेलो तेव्हा अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. लग्नानंतर आत्याचं नाव बदललेलं, आडनाव बदललेलं, आणि मधल्या जागी बापाऐवजी नवरा. तिच्या ओळीतली फॉरेन की आपण समाज म्हणून खोडली होती. ही त्यांचीच मुलगी, हे आता सिद्ध कशाने करायचं? सहा वर्षं गेली. चौथ्या वर्षी आत्या वारली. शेवटी तिच्या मुलांची नावं लागली, तिचं स्वतःचं लागलेलं तिने पाहिलं नाही.

म्हणून पोरांनो, पुस्तकात लिहिलेलं असतं की किल्ली म्हणून नाव वापरू नका, कधी न बदलणारा क्रमांक वापरा. तो नियम कोरडा वाटतो. मला तो वाचताना आत्या आठवते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात वडिलांच्या आधी आईचं नाव येतं. लेकराच्या ओळीत आता दोन दुवे आले. चांगलं झालं.

शेवटी माझ्या शास्त्राचं एकच वाक्य. न्याय-वैशेषिक म्हणतात, कापड दोऱ्यांत राहतं, दोरे कापडात नव्हे. अवयवी अवयवांच्या ठायी असतो. मी ते चाळीस वर्षं शिकवलं, पण खरं कळलं ते टेबलाकडे पाहून. कुटुंब हे कुटुंबप्रमुखाच्या यादीत राहत नाही, एकेका लेकराच्या ओळीत राहतं. तेव्हा घरी गेल्यावर वंशावळ काढून बघा. वरून खाली वाचू नका, एकेका माणसापासून वर वाचा. घरातल्या प्रत्येक लेकीपासून तुम्ही वर पोचता का, एवढंच तपासा.