सरासरीत लपलेला झटका

एका सेकंदात 60 फ्रेम आल्या. त्यातल्या 59 प्रत्येकी 10 मिलिसेकंदांत आणि उरलेली एक तब्बल 410 मिलिसेकंद रेंगाळली, तरी पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा 60 एफपीएसच दाखवणार! खेळणाऱ्याचा पडदा मात्र जवळजवळ अर्धा सेकंद थिजतो, आणि तेवढ्यात समोरचा गोळी घालून मोकळा होतो. आकडा खोटा नाही, तो फक्त सरासरी सांगतोय. म्हणून बेळगाव-निपाणीकडच्या ज्या पोरांनी नव्या ग्राफिक्स कार्डासाठी पैसे साठवलेत, त्यांनी आधी फ्रेमटाइम बघावा, म्हणजे एकेक फ्रेम यायला किती वेळ लागला ते. 2011 साली ‘टेक रिपोर्ट’ या संकेतस्थळाच्या स्कॉट वॉसन यांनी सेकंदाच्या आत शिरून कार्डं तपासली आणि परीक्षणाची रीतच पालटली.

हे मोजायला इंटेलचं प्रेझेंटमॉन फुकट मिळतं. गेम तयार झालेली प्रत्येक फ्रेम विंडोजच्या हवाली करतो, त्या क्षणाची नोंद विंडोजमध्येच होते आणि प्रेझेंटमॉन ती वाचतं. 2023 मध्ये त्यात ‘जीपीयू बिझी’ आलं, आणि मला खरी कमाल वाटते ती याची. एका फ्रेममागे कार्ड प्रत्यक्ष किती वेळ राबलं, ते आता दिसतं. व्ही-सिंक आणि फ्रेमची मर्यादा बंद करून बघा. फ्रेमटाइम 16 मिलिसेकंद आणि जीपीयू बिझी 9 आलं, तर उरलेले 7 मिलिसेकंद कार्ड नुसतं बसून आहे, बहुतेक वेळा प्रोसेसरची वाट बघत. तिथं महागडं कार्ड घालून काय मिळणार?

टास्क मॅनेजर इथं हमखास फसवतो. 12 थ्रेडच्या प्रोसेसरवर गेमचा एक मुख्य थ्रेड पुरता दमलेला असला, तरी त्याच्या वाट्याला एकूण वापरातले जेमतेम 8 टक्के येतात. प्रोसेसर निवांत आहे असं वाटतं, आणि गेम अडकत राहतो.

तयार बेंचमार्कच्या गुणांवरही डोळे झाकून जाऊ नये. ऑक्टोबर 2001 मध्ये ‘हार्डओसीपी’ या संकेतस्थळानं ‘क्वेक 3’ या गेमच्या प्रोग्राम फाइलमधला ‘क्वेक’ शब्द बदलून ‘क्वॅक’ केला. बाकी सगळं तेच. एटीआयच्या रेडिऑन 8500 कार्डाचा वेग घसरला आणि चित्र सुधारलं! ड्रायव्हर गेमचं नाव ओळखून चित्राच्या दर्जात काटकसर करत होता. पार्टची नावं टाकली की ‘बॉटलनेक’ची टक्केवारी सांगणाऱ्या कॅल्क्युलेटरांना तर तुमचा गेम, त्याची सेटिंग्ज, रॅमची एकच पट्टी, यातलं काहीच दिसत नाही.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला मशीनवाला जॉब मोजण्याआधी मायक्रोमीटर शून्यावर बसतो का ते बघतो. तसंच गेममधला एकच प्रसंग तीनदा खेळून मोजावा. तिन्ही वेळा आकडे दूर-दूर पडले, तर त्यांच्या भरवशावर काही विकत घेऊ नये.

आणि मोजायचं आपल्याच खोलीत, आपल्याच कॅबिनेटमध्ये. बेळगावच्या जुलैतल्या गारव्यात पास झालेलं कार्ड निपाणीच्या एप्रिलमध्ये, पत्र्याखालच्या खोलीत, तापून आपला वेग उतरवू शकतं. दोन मिनिटांच्या चाचणीत ते कळतच नाही. तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर चालू ठेवून अर्धा-पाऊण तास खेळा. तापमानामुळे वेग अडल्याची खूण त्यात दिसली, तर कार्डाच्या आधी कॅबिनेटला एक चांगला पंखा घ्या.