कोंबड्याच्या मानेचे पीस आणि गळावरची माशी

आपल्याकडे कोंबडी सोलली की पिसे उकिरड्यावर जातात. युरोप-अमेरिकेत मात्र कोंबड्याच्या मानेची पिसांसकट वाळवलेली कातडी पाकिटात घालून, प्रत लावून विकली जाते. ट्राउट मासा पकडण्याच्या कृत्रिम माशा तिच्यापासून बनतात.

ट्राउट थंड, वाहत्या पाण्यात राहतो आणि पाण्यावरचे किडे टिपतो. म्हणून शौकीन मंडळी गळाला गांडूळ न लावता पिसांची माशी लावतात. आपल्या देशात हा मासा काश्मीरमध्ये १९०० साली विलायतेहून अंडी आणून रुजवला गेला. त्यात श्रीनगरला गालिच्यांचा कारखाना चालवणारे मिचेलसाहेब पुढे होते. धंदा गालिच्यांचा आणि नाद माशांचा!

माशी बांधताना गळ लहान शेगड्यात पकडतात. बारीक दोऱ्याने आधी शेपूट, मग अंग बांधायचे. त्यानंतर मानेचे पीस गळाभोवती गुंडाळायचे, म्हणजे त्याचे तंतू चोहोबाजूंनी उभे राहतात. शेवटी गाठ आणि वार्निशचा थेंब. तरंगणारी माशी या तंतूंवरच पाण्यावर उभी राहते. म्हणून तंतू ताठ हवेत आणि लांबी गळाच्या तोंडाच्या साधारण दीडपट हवी. गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ लहान. आपल्या हातशिलाईच्या सुईचा हिशेबही असाच. वार्निश गळाच्या नेढ्यात गेले की दोर ओवता येत नाही आणि तो नग बाद होतो.

हे काम यंत्राने होत नाही, हातानेच करावे लागते. विक्री डझनावर चालते आणि डझनातली बारावी माशी पहिलीसारखीच दिसावी लागते. केनियातले कारागीर कित्येक वर्षे युरोप-अमेरिकेसाठी अशा माशा बांधत आले आहेत. आरीकाम किंवा जरीकाम करणाऱ्या आपल्या कारागिरांची बोटे यात कमी पडतील असे वाटत नाही.

माल मात्र आपल्या हातून निसटला. एके काळी भारतातल्या गावठी कोंबड्यांच्या मानेच्या कातड्या परदेशात खूप जात, पण स्वस्त कच्चा माल म्हणून. अमेरिकन पैदासकारांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून केवळ पिसांसाठी कोंबडे तयार केले. एकेका लांब पिसात अनेक माशा होतात, म्हणून गिऱ्हाईक जादा दाम मोजते. हे कोंबडे सुमारे वर्षभर पाळावे लागतात. सहा-सात आठवड्यांत कापल्या जाणाऱ्या ब्रॉयलरचे पीस मऊ आणि कोवळे, या कामाला निरुपयोगी. तेव्हा चिकनच्या दुकानातली पिसे गोळा करून हा धंदा होईल, असे कोणी समजू नये. २०११ साली अमेरिकेत केसांत पिसे लावण्याची फॅशन आली, तेव्हा या पिसांचे दर कडाडले आणि मासेमारीच्या दुकानांतला साठा संपला.

व्यापारी बंधूंनी कायदाही ध्यानात ठेवावा. मोरपिसांच्या निर्यातीला बंदी आहे. सह्याद्रीत आढळणाऱ्या राखी रानकोंबड्याच्या मानेवर मेणाचे थेंब पडावेत तसे पिवळट ठिपके असतात. सामन माशाच्या गळासाठी या पिसाला जुनी मागणी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्याला हात लावता येत नाही. आज परदेशी बाजारात मिळणारे त्याचे कायदेशीर पीस इंग्लंडमध्ये पाळलेल्या रानकोंबड्यांचे असते.