अंकुराचे चलच्चित्र

स्थिर चित्रे एकामागून एक वेगाने डोळ्यांपुढून गेली म्हणजे ती हालल्याचा भास होतो. याच तत्त्वावर दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची क्रमवार चित्रे घेऊन ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट सिद्ध केला. तो पाहून भांडवल मिळाले व १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला.

परभणी जिल्ह्यातील शिक्षकांनी उन्हाळी शिबिरात हाच प्रयोग मुगाच्या अंकुरावर करावा. मोबाईल एका जागी घट्ट बांधून मुलांनी पाळीपाळीने दर तासाला एक, अशी दिवसाला १२ चित्रे घ्यावीत. चित्रपटाच्या १ सेकंदास २४ चित्रे लागतात. म्हणजे दोन दिवसांचे श्रम एका सेकंदात सरतात. एकाची पाळी चुकली की अंकुर पडद्यावर उडी मारतो. पाणी चुकले की मान टाकतो. नियमितपणाचा याहून स्पष्ट धडा पुस्तकात सापडणे कठीण.