पहिल्या आठवड्यातला निर्णय

नवा लॅपटॉप घरी येतो, खोक्याचे सील कापले जाते, पडदा उजळतो आणि दोन-तीन दिवसांत काहीतरी खटकू लागते. पडद्याच्या कोपऱ्यात मोहरीहून बारीक हिरवा ठिपका दिसतो. झाकण उघडताना उजवीकडून किरकिर येते. टेबलावर ठेवलेले यंत्र एका कोपऱ्यावर डुगडुगते. काम तर चालू असते, त्यामुळे घरात दोन तट पडतात. एकाचे म्हणणे, एवढ्यातेवढ्यासाठी दुकानाच्या पायऱ्या कोण झिजवणार, चालतेय तोवर चालू द्या. दुसऱ्याचे म्हणणे, पन्नास-साठ हजार मोजले आहेत, मग साधा ओरखडादेखील का सोसायचा? दोघेही दोषाचा आकार मोजतात आणि तिथेच दोघांचेही चुकते. दोष आहे तिथेच थांबणार की पुढे वाढणार, एवढाच प्रश्न निर्णायक आहे. थांबणारा दोष बहुधा पोटात घालता येतो. वाढणारा दोष कितीही क्षुल्लक दिसला तरी यंत्र पहिल्या आठवड्यातच परत करावे, कारण त्यानंतर दुकान, कंपनी आणि कायदा हे तिघेही ग्राहकापासून एकेक पाऊल दूर सरकत जातात.

सर्वांत जास्त कुरबूर पडद्यावरच्या ठिपक्यावरून होते. आज सर्रास मिळणाऱ्या फुल एचडी पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० असे मिळून २०,७३,६०० पिक्सेल असतात. प्रत्येक पिक्सेलचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन भाग, म्हणजे बासष्ट लाखांहून अधिक सूक्ष्म खिडक्या, आणि प्रत्येक खिडकी एका ट्रान्झिस्टरच्या ताब्यात. साडेपंधरा इंची पडद्यावर एक पिक्सेल सुमारे ०.१८ मिलिमीटर रुंद भरतो. कारखान्यातच एखादा ट्रान्झिस्टर बिघडला तर ती खिडकी कायमची उघडी राहते किंवा कायमची मिटते. उघडी राहिली तर काळ्या पडद्यावर रंगीत ठिपका डोळ्याला टोचतो, मिटली तर पांढऱ्या पानावर शाईचा कण पडल्यासारखे दिसते. हे होणारच, असे उत्पादक धरूनच चालतात. आयएसओ १३४०६-२ या २००१ च्या मानकात दुसऱ्या वर्गाच्या पडद्याला दर दहा लाख पिक्सेलमागे सतत पेटलेले २ आणि सतत काळे २ पिक्सेल माफ होते. पुढे त्याची जागा आयएसओ ९२४१-३०७ ने घेतली, पण पडद्यांची अशी वर्गवारी करण्याची रीत कायम राहिली. जुन्या हिशेबाने फुल एचडी पडद्यावर दोन्ही प्रकारचे चार-चार ठिपके असले तरी तो पडदा ‘चांगला’ ठरत असे. कंपन्यांचे नियम आपापले असतात, म्हणून वॉरंटीच्या कागदातले ते कलम शोधून वाचावे. पण नियम काहीही असो, असा ठिपका पसरत नाही. एक पिक्सेल गेला म्हणून शेजारचा जात नाही, आणि कोपऱ्यातल्या ठिपक्याकडे महिन्याभरात लक्षही जात नाही. ठिपका पडद्याच्या मध्यावर असेल आणि यंत्र छायाचित्रांच्या कामासाठी घेतलेले असेल, तर हरकत घेणे रास्त आहे. ठिपक्याऐवजी वरपासून खालपर्यंत रेघ उमटली तर मात्र मुळीच थांबू नये. रेघेमागे बहुधा पडद्याच्या कडेची जोडणी सुटत असते, आणि ती तापून-थंड होऊन आणखी सुटत जाते.

काही तक्रारी मुळात दोषाच्या नसतातच. अंधाऱ्या खोलीत काळा पडदा पाहिला की आयपीएस पडद्याचे कोपरे धुरकट उजळलेले दिसतात. डोके इकडे-तिकडे हलवल्यावर तो उजेडही हलत असेल, तर तो त्या जातीच्या पडद्याचा स्वभाव आहे. बदलून आणलेल्या पीसवरही तो दिसणारच. डोके हलवूनही उजेड एका जागी चिकटून राहिला, तर चौकटीचा दाब पडून मागचा प्रकाश गळतो आहे आणि ती जुळणीतली चूक होय. चार्जर लावून कान अगदी जवळ नेल्यावर ऐकू येणारी बारीक सूं-सूं ही विजेच्या गुंडाळ्यांच्या कंपनाची असते, तिने यंत्राचे काही बिघडत नाही. पहिले दोन दिवस पंखा घरघरत राहिला तर आतमध्ये बहुतेक अपडेटची कामे चाललेली असतात.

किरकिरणाऱ्या बिजागरीची गोष्ट वेगळी आहे, आणि वाढता दोष म्हणजे काय हे तिच्याइतके स्पष्ट दुसरे काही दाखवत नाही. मध्यम किमतीच्या अनेक लॅपटॉपचे कवच प्लास्टिकचे असते. त्या कवचातल्या छोट्या खांबांमध्ये पितळी नट तापवून रुतवलेले असतात आणि बिजागरीचे स्क्रू त्या नटांत आवळलेले असतात. झाकण उघडायला लागणारा सगळा जोर या तीन-चार नटांवर येतो. बिजागरी प्रमाणाबाहेर घट्ट बसवली गेली असेल, तर झाकण उघडण्याच्या दर खेपेला नट प्लास्टिकातून केसभर उपसला जातो. आधी फक्त आवाज येतो. मग झाकण उचलताना बिजागरीलगतची कड फुगते आणि तिथे व्हिजिटिंग कार्ड सरकवता येईल एवढी फट पडते. वर्गात आणि वसतिगृहात दिवसातून दहा वेळा झाकण उघडणाऱ्या विद्यार्थ्याच्या यंत्रात एखादा खांब मुळातून तुटतो, कवच तडकते, कधी त्याच वाटेने गेलेली पडद्याची केबलही चिरडते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय किंवा तालुक्याच्या गावातल्या दुरुस्तीच्या दुकानात काय, हिंज तुटलेला लॅपटॉप ही रोजची गोष्ट आहे. अशा वेळी सर्व्हिस सेंटरच्या कागदावर शेरा पडतो ‘फिजिकल डॅमेज’, म्हणजे वॉरंटी नाही. यंत्र पडले नव्हते हे ग्राहक आता कशाने सिद्ध करणार? कवचावर एक चराही नसताना, चौथ्या दिवशी, हीच किरकिर दाखवली असती तर तो दोष कंपनीच्या खात्यावर जमा झाला असता. दहाव्या महिन्यात तो ग्राहकाचा निष्काळजीपणा ठरतो.

जिथे हालचाल आहे, उष्णता आहे किंवा वीज साठवलेली आहे, तिथला लहान दोष लहान राहत नाही. चार्जरची पिन जरा हलली की चार्जिंग तुटणे हा त्यातलाच प्रकार. यंत्र टेबलावर डुगडुगते आणि टचपॅडही नीट दाबला जात नाही, अशी जोडी दिसली तर बॅटरी फुगलेली असू शकते. तेव्हा परत करण्याचा विचार करत बसण्याआधी यंत्र बंद करून चार्जर काढावा. अभियंते इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बिघाडांचा आलेख आंघोळीच्या टबासारखा काढतात: सुरुवातीला बिघाड जास्त, मग दीर्घकाळ सपाट, शेवटी झिजेमुळे पुन्हा चढ. कच्चा सांधा, कमकुवत चिप या गोष्टी टबाच्या त्या पहिल्या उतारावरच उघड्या पडतात. म्हणून नव्या यंत्राने आठवड्यात दोनदा निळा पडदा दाखवून मान टाकली, ड्रायव्हर ताजे करूनही तेच झाले, तर ‘वापरून वापरून रुळेल’ ही समजूत सोडून द्यावी. नवी पादत्राणे रुळतात, रॅमची चिप रुळत नाही.

घाई कशासाठी, याचे उत्तर कायद्यात आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ मधील दोषाची व्याख्या लहान-मोठा असा भेद करत नाही. गुणवत्तेतली कोणतीही उणीव किंवा अपूर्णता तिच्यात बसते. बिलावर छापलेल्या मुदतीत, आणि मुदत छापलेली नसेल तर तीस दिवसांत, सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही याच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही भिंतीवरची पाटी सदोष मालाला लागू होत नाही. पण १९३० चा वस्तुविक्री अधिनियम दुसरी बाजूही सांगतो: वाजवी काळ उलटेपर्यंत नापसंती न कळवता वस्तू ठेवून घेतली, तर ग्राहकाने ती स्वीकारली असे धरले जाते, आणि एकदा स्वीकारल्यावर सहसा वस्तू परत करण्याऐवजी भरपाईच मागावी लागते. मोटारीच्या क्लचमधल्या दोषाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला नाही, कारण वॉरंटीत वचन होते ते दोषी भाग बदलण्याचे. ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते, राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत शुल्क लागत नाही, १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. हे सगळे मोलाचे आहे, आणि पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली त्या १९७४ च्या काळात यातले जवळजवळ काहीच हाताशी नव्हते. तरीही आयोगातून येणारा निकाल आणि चौथ्या दिवशी काउंटरवर बदलून मिळालेला पीस यांची बरोबरी होऊ शकत नाही.

काउंटरवर किंवा फोनवर पहिले उत्तर बहुधा येते, ‘सर्व्हिस सेंटरला दाखवा, रिपेअर करून देतील.’ ते लगेच मान्य करू नये. सात दिवसांचे यंत्र उघडून त्यात भाग बसवले की ते दुरुस्त केलेले यंत्र होते, आणि बसवलेला भाग कोरा असेलच असे नाही; अनेक वॉरंट्यांमध्ये ‘नव्याच्या तोडीचा’ भाग चालेल असे लिहिलेले असते. त्याऐवजी पीस बदलून मागावा. बाजारात अशा यंत्रासाठी ‘डीओए’ हा शब्द रूढ आहे, म्हणजे पोचतानाच सदोष असलेला माल. कंपनीच्या माणसाने तसे प्रमाणपत्र दिले की विक्रेता पीस बदलतो. बऱ्याच ठिकाणी त्याची मुदत जेमतेम सात ते चौदा दिवसांची असते. म्हणूनच ‘एक अपडेट करून बघा’, ‘चार दिवस निरीक्षणाखाली ठेवा’ या सल्ल्यांपैकी प्रत्येक सल्ला मुदतीतले दिवस खातो. सल्ला जरूर ऐकावा, पण त्याआधी दोषाचा व्हिडिओ आणि बिलाचा फोटो जोडून ईमेल पाठवलेला असावा.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप पर्यावरणाचा आहे आणि तो टोलवून लावण्यासारखा नाही. लॅपटॉपच्या आयुष्यभरातल्या कर्बउत्सर्जनाचा मोठा वाटा तो वापरण्यात नसून तो बनवण्यात असतो, हे कंपन्यांच्या स्वतःच्या अहवालांतही दिसते. जगात २०२२ मध्ये सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातल्या जेमतेम २२ टक्के कचऱ्याच्या रीतसर पुनर्चक्रीकरणाची नोंद आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा अहवाल सांगतो. मग एका किरकिरीसाठी यंत्र परत पाठवणे हा गुन्हाच नव्हे का? आयपीएसच्या धुरकट कोपऱ्यांसाठी पाठवले तर तो आक्षेप पूर्ण खरा आहे, आणि केवळ मन भरले नाही म्हणून तीन-तीन पीस बदलणाऱ्यांना तो ऐकवलाही पाहिजे. बिजागरीच्या बाबतीत हिशेब उलटा होतो. आठवड्यात परतलेले यंत्र सहसा भंगारात जात नाही. बिजागरी बदलून ते रिफर्बिश्ड म्हणून कमी किमतीत विकता येते आणि पुढे अनेक वर्षे चालू शकते. तेच यंत्र दीड वर्षाने कवच फुटून निकामी झाले, तर बनवताना खर्ची पडलेला सगळा धातू, पाणी आणि वीज वाया जाते.

दुसरी शंका अशी की बदली पीस याहून वाईट निघाला तर? तसे होऊ शकते. कोपऱ्यातला ठिपका घालवायला जावे आणि सैल चार्जिंग पोर्ट घरी आणावे, हा सौदा आतबट्ट्याचा. स्थिर दोष सोसावा असे म्हणण्यामागे हेही एक कारण आहे. अशा ठिपक्यासाठी ओळखीच्या दुकानदाराकडे यंत्र बदलून मागण्यापेक्षा वाढीव वॉरंटी किंवा किमतीत सूट मागावी. पुष्कळदा तो ती आनंदाने देतो, कारण परत आलेला पीस त्यालाही कंपनीकडे पाठवत बसावे लागते. वाढत्या दोषाला हा युक्तिवाद लागू पडत नाही. तिथे बदली पीस वाईट निघण्याची नुसती शक्यता आहे, हातातला पीस बिघडणे मात्र सुरूही झालेले आहे.

सर्वांत खरी अडचण त्या विद्यार्थ्याची, ज्याच्या घरात एकच लॅपटॉप आहे, तोही हप्त्यांवर घेतलेला, आणि परीक्षा दहा दिवसांवर आहे. बदली पीस यायला आठवडा लागेल म्हणून तो गप्प बसतो आणि मुदत निघून जाते. त्याने गप्प बसण्याचे कारण नाही. किरकिर ऐकू आली त्याच दिवशी ‘हे यंत्र मला सदोष अवस्थेत मिळाले, मी ते नाकारत आहे, परीक्षा अमुक तारखेला संपते, त्यानंतर बदलून द्यावे’ एवढी चार वाक्ये विक्रेत्याला आणि कंपनीला पाठवावीत, तक्रार क्रमांक घ्यावा, उत्तर लेखी मागावे. परीक्षेपर्यंत झाकण शक्यतो उघडेच ठेवावे, आणि उचलायचेच झाले तर कोपऱ्याला धरून न उचलता मधोमध धरून, हळू उचलावे.