दोघींचा खेळ

पूर्वी जात्यावर दोघी समोरासमोर बसून दळत असत. खुंटा एकच, हात मात्र दोघींचे. एकीचा हात आखडला की दुसरीच्या खांद्याला लगेच कळे. बॅडमिंटनमधली दुहेरी अगदी या दळणासारखी असते.

बॅडमिंटन म्हटलं की आपल्याला चटकन सायना नेहवाल किंवा पी. व्ही. सिंधू आठवते. दोघीही एकेरीच्या खेळाडू. ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा या जोडीने २०११ साली जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं, हे मात्र किती जणींना आठवत असेल? दुहेरीवालीच्या वाट्याला कौतुक येतं तेही अर्धं. काम मात्र अर्धं नसतं हं!

एकेरीचं मैदान १७ फूट रुंद, दुहेरीचं २०. म्हणजे माणसं दुप्पट झाली तरी जागा वाढते ती जेमतेम ३ फूट. एवढ्याशा जागेत दोघींनी धावायचं, वाकायचं, रॅकेट फिरवायची आणि एकमेकींना धक्काही लागू द्यायचा नाही. आपल्याकडून हल्ला चालू असला की एकीने जाळ्याजवळ उभं राहायचं, दुसरीने मागून जोरात फटका मारायचा. समोरून हल्ला आला की दोघींनी शेजारी शेजारी उभं राहून आपापली बाजू राखायची. ही अदलाबदल क्षणात करावी लागते, "तू सरक, मी येते" असं म्हणायलाही वेळ नसतो. आणि सगळ्यात अवघड फूल कुठलं? दोघींच्या बरोबर मधे येणारं. "ती घेईल म्हणून मी सोडलं" असं दोघींनाही वाटलं की फूल जमिनीवर. तुमच्या-आमच्या घरातही दूध असंच उतू जातं, नाही का?

आज मी ज्या बाईबद्दल सांगणार आहे, तिने हा दोघींचा खेळ वीसएक वर्षं खेळला. इंडोनेशियाची ग्रेसिया पोली. जन्म १९८७ सालचा, जाकार्ताचा. ती अगदी लहान असतानाच वडील गेले. आईने तिला सुलावेसी बेटावरच्या मनाडो गावी वाढवलं आणि खेळासाठी पुन्हा जाकार्ताला आणलं. इंडोनेशियात बॅडमिंटनला आपल्याकडच्या क्रिकेटसारखा मान आहे. तिथे राष्ट्रीय संघात शिरणं हेच मोठं दिव्य, पण पोरीने ते लवकर साधलं.

दुहेरीतली एक गोष्ट आपण लक्षातच घेत नाही. जागतिक क्रमवारीत नाव लागतं ते जोडीचं. जोडीदारीण जखमी झाली, निवृत्त झाली किंवा संघाने बदलली की मिळवलेली जागा मागे राहते आणि नव्या जोडीला पुन्हा खालच्या पायरीपासून चढावं लागतं. ग्रेसियाच्या वाट्याला हे अनेकदा आलं. जो नोविता, मेलियाना जौहरी, नित्या कृषिंदा महेश्वरी (नावं कशी आपल्याच शेजारणींची वाटतात!) अशा कितीतरी जणींशी तिने नव्याने सूर जुळवला.

तरीही तिची खरी कसोटी लागली ती २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये. त्या वर्षी दुहेरीत प्रथमच गटवार साखळी सामने ठेवले होते. पुढच्या फेरीत बलाढ्य चिनी जोडीशी लवकर गाठ पडू नये, म्हणून काही जोड्या गटातला शेवटचा सामना मुद्दाम हरायला बघत होत्या. फुलं जाळ्यात जाऊ लागली, सर्व्हिस बाहेर पडू लागल्या. तिकिटं काढून आलेल्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. दुसऱ्या दिवशी चार जोड्या, म्हणजे आठ मुली, स्पर्धेतून बाद झाल्या. त्यांत ग्रेसिया आणि मेलियानाही होत्या. १९९२ पासून प्रत्येक ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनचं सुवर्ण आणणारा इंडोनेशिया त्या वर्षी बॅडमिंटनमध्ये रिकाम्या हाताने परतला.

पुढे स्पर्धेचे नियम बदलले, कारण दोष नुसता मुलींचा नव्हता, आखणीचाही होता. पण नियम बदलले म्हणून नावाला लागलेला डाग थोडाच निघतो? एकदा लोकांच्या तोंडी गेलेली गोष्ट किती वर्षं पाठीमागे येते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. ग्रेसियाने त्यावर वाद घालत बसण्यापेक्षा सरावाला जाणं पत्करलं. २०१४च्या आशियाई स्पर्धेत तिने नित्याबरोबर सुवर्णपदक जिंकलं. महिला दुहेरीचं हे सुवर्ण इंडोनेशियाला ३६ वर्षांनी मिळालं.

मग २०१६चं रिओ ऑलिंपिक आलं. दोघी उपांत्यपूर्व फेरीत हरल्या आणि त्यानंतर दुखापतीमुळे नित्याला थांबावं लागलं. ग्रेसिया २९ वर्षांची झाली होती. "आता पुरे, लग्न करावं, संसार बघावा," असं तिच्याही मनात येऊ लागलं. प्रशिक्षक एंग हियान यांनी तिला थोडं थांबायला सांगितलं. नव्या मुलींना आधार द्यायला कुणीतरी जाणती हवी होती.

ही नवी मुलगी म्हणजे अप्रियानी राहायू, ग्रेसियापेक्षा जवळजवळ ११ वर्षांनी लहान. दक्षिणपूर्व सुलावेसीतल्या खेड्यातली. लहानपणी वडिलांनी तिला लाकडाची रॅकेट करून दिली होती. २०१५ साली आई वारली तेव्हा ही पेरू देशात, जागतिक ज्युनियर स्पर्धेत होती. स्वभावाने आग, पायांत वारं. एक थकलेली जाणती, एक तापट पोर. सांगा, जमायचं कसं?

पण जमलं. जोडी जुळली त्याच वर्षी, २०१७ साली, दोघींनी थायलंड आणि फ्रान्समधल्या मोठ्या स्पर्धा जिंकल्या. मला यातली मोलाची गोष्ट वाटते ती अशी. "जमवून घे" हे आपल्याकडे एकीलाच सांगितलं जातं, बहुतेक वेळा नव्याने घरात आलेलीला. दुहेरीत ते चालतच नाही. लहान चुकली की मोठीने तिची जागा भरून काढायची, मोठी दमली की लहानीने दोन पावलं जास्त धावायचं. कुणाचा मान मोठा हे बघत बसलं, तर मधली जागा उघडी पडते आणि गुण दोघींचा जातो.

डिसेंबर २०२० मध्ये ग्रेसियाचं लग्न झालं आणि लग्नाचे दिवस सरतात न सरतात तोच भाऊ करोनाने गेला. हसावं की रडावं! तरी जानेवारीत ती अप्रियानीबरोबर थायलंडला खेळायला गेली आणि दोघी तिथली स्पर्धा जिंकून आल्या.

करोनामुळे पुढे ढकललेलं टोकियो ऑलिंपिक २०२१ मध्ये झालं. या जोडीला मानांकनही नव्हतं. पण गटात जपानची पहिल्या मानांकनाची जोडी हरली आणि पुढे एकेक अडथळा दूर होत गेला. २ ऑगस्टला अंतिम सामना होता, चीनच्या चेन छिंगचेन आणि जिया यीफान यांच्याशी. दुसऱ्या गेममध्ये फूल हवेत असतानाच ग्रेसियाच्या रॅकेटची तार तुटली. ती धावत मैदानाच्या कडेला गेली, दुसरी रॅकेट उचलली आणि परत जागेवर आली. तेवढ्या वेळात सबंध २० फुटांचं मैदान अप्रियानीने एकटीने सांभाळलं. गुणही यांनाच मिळाला! सामना २१-१९, २१-१५ असा जिंकला. इंडोनेशियाला महिला दुहेरीचं ऑलिंपिक सुवर्ण त्या दिवशी पहिल्यांदा मिळालं आणि बॅडमिंटनच्या पाचही प्रकारांतली सुवर्णं त्यांच्या देशाच्या खाती जमा झाली. ग्रेसिया तेव्हा ३४ व्या वाढदिवसापासून अवघे ९ दिवस दूर होती.

ही केवळ जिद्दीची गोष्ट आहे असं मला वाटत नाही. जिद्द तर लंडनलाही असेल. ग्रेसियाजवळ आणखी एक गोष्ट होती. आपण जाणत्या असूनही नव्या मुलीबरोबर पहिल्या पायरीवर उभं राहायला तिला कमीपणा वाटला नाही. मुलं शाळेत जाऊ लागल्यावर पुन्हा नोकरी धरणारी, चाळिशीत परीक्षेला बसणारी, सुनेकडून नवं काही शिकणारी आपल्यातली कुणीही बाई हेच करत असते. फक्त तिला कुणी पदक देत नाही.

जून २०२२ मध्ये ग्रेसियाने जाकार्ताच्या भरल्या स्टेडियममध्ये निवृत्ती घेतली. अप्रियानी एकटी पडली का? छे! ती सिती फादिया या आपल्याहून लहान मुलीबरोबर खेळू लागली होती आणि जुलैमध्ये दोघींनी मलेशियातली मोठी स्पर्धा जिंकलीसुद्धा. आता जाणतेपणाने सांभाळून घ्यायची पाळी अप्रियानीची होती.