कूलर आणि मागची खिडकी

होळी झाली की नागपुरात खिडक्यांबाहेर लोखंडी स्टँडवर उभ्या असलेल्या कूलरांची ताडपत्री निघते. पत्र्याचा डबा, त्यात पंखा, छोटा पंप आणि तीन बाजूंना जाळीच्या चौकटी. गेल्या मोसमातलं गवत खारानं पांढरं पडून पापडासारखं कडक झालेलं असतं. ते उपटून नवं भरायचं. म्हणायचं गवत, पण असतात लाकूड तासून काढलेल्या बारीक पट्ट्या. खिसा परवानगी देईल तिथं वाळा.

खरं कसब या भरण्यात. आमच्याकडे येणारे मिस्त्री मूठमूठ गवत हातानं पिंजून जाळीवर पसरतात. दाट झालं तर पंख्याला हवा ओढवत नाही, विरळ राहिलं तर हवा कोरडीच आत घुसते. भरलेली चौकट ते उन्हाकडे धरून पाहतात. जिथं थेट उजेड दिसेल तिथं आणखी चिमूटभर. मग वरच्या पाण्याच्या नळीचं एकेक भोक तारेनं मोकळं करायचं. एक बुजलं तरी खालची पट्टी कोरडी राहते आणि तेवढ्यातून झळा थेट पलंगावर.

पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते, ती हवेतून घेतली जाते. एक लिटर पाणी उडताना युनिटच्या दोन तृतीयांश विजेइतकी उष्णता खेचतं. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर नीट भरलेला कूलर २७-२८ अंशांची हवा देतो.

तरीही पुष्कळ घरांत लोक घामानं चिकट होऊन बसलेले असतात, कारण गारवा पळून जाईल म्हणून मागची खिडकी बंद. ही एसीची सवय. ओल खोलीतच साठली की नवं पाणी उडणार कसं? मिस्त्री मागच्या खिडकीशी उदबत्ती धरतात. धूर बाहेर गेला पाहिजे. नाही गेला, की ऐकवतात, "काकू, हवा बाहेर जाऊनच नाही राहिली, तं आत येईन कोठून?"

टिनाच्या छताखाली एवढ्यानं भागत नाही. तिथं सगळ्यात तापलेली हवा वर, पत्र्यालगत साचते. भिंतीत अगदी वर एक्झॉस्ट पंखा बसवला तर तीच आधी निघून जाते. माझ्या मते दुसरा कूलर घेण्याआधी हा पंखा घ्यावा. मात्र तो कूलरपेक्षा जोरकस नको, नाहीतर दाराच्या फटींतून बाहेरचं ऊन आत ओढेल.

पत्रा, पाणी आणि वीज एकत्र, म्हणून अर्थिंगमध्ये काटकसर नको. प्लग काढल्याशिवाय टाकीत पाणी भरायचं नाही. कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी दर उन्हाळ्यात विदर्भातल्या वर्तमानपत्रांत असतेच. आठवड्यातून एकदा टाकी उपसून कडा घासायच्या. डेंग्यूच्या डासाची अंडी कडांनाच चिकटतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत.

ऐन उन्हाच्या नवतप्यात कूलर राजा. मृगाचा पाऊस लागला की तोच खोली दमट करून सोडतो. मग पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवायचा, आणि एक्झॉस्ट मात्र चालूच.