रोग गेल्यानंतरची पाळत

फुप्फुसाच्या कर्करोगावर उपचार होऊन रोगी घरीं परतला म्हणजे घरच्यांना संकट टळलेंसें वाटतें. तरीही डॉक्टर सांगतात, ‘सहा महिन्यांनीं पुन्हां या.’ हें कशासाठीं, याचा आज विचार करूं.

हा रोग उलटण्याची भीति पहिल्या दोन वर्षांत विशेष असते. म्हणून अमेरिकेंतील कर्करोगतज्ज्ञांच्या संस्थेनें २०१९ सालीं शिफारस केली कीं, रोग बरा करण्याच्या हेतूनें उपचार झालेल्यांच्या छातीचें सी. टी. स्कॅन दोन वर्षें दर सहा महिन्यांनीं व पुढें वर्षांतून एकदां करावें. वार्षिक तपासणीचा रोख मुख्यतः फुप्फुसांत नव्यानें उद्भवणाऱ्या कर्करोगावर असतो.

मात्र अधिक चित्रें म्हणजे अधिक आयुष्य, असा सरळ हिशेब येथें नाहीं. फ्रान्समध्यें शस्त्रक्रिया झालेल्या १७७५ रोग्यांची तुलना झाली. कांहींचें साधें क्ष-किरण चित्र, तर कांहींचें सी. टी. स्कॅन काढीत. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्ही गटांच्या आयुर्मानांत निश्चित म्हणतां येईल असा फरक दिसला नाहीं. दोष लवकर सांपडण्याचा लाभ, त्यावर पुढें उपाय करतां आला तरच होतो.

यास्तव प्रत्येक रोग्याचा विचार निराळा करावा लागतो. किरणोपचार घेतलेल्याच्या फुप्फुसांत वण राहतो. तो व उलटलेला रोग चित्रांत सारखेच भासूं शकतात. आपल्याकडे जुन्या क्षयाचे डागही असाच घोटाळा करतात. अशा वेळीं मागील चित्राशीं ताडून पाहणें हाच मोठा आधार. म्हणून जुनीं चित्रें कधींही टाकूं नयेत. केवळ वृद्ध म्हणून कोणाची तपासणी टाळणें अन्यायाचें आहे; पण पुढील उपचार शरीराला सोसणार नसतील, किंवा रोग्यालाच ते नको असतील, तर त्याला यंत्राखालीं वारंवार निजवून काय साधणार?

शेवटचा प्रश्न खेड्यांतील रोग्याचा. गाडीभाडें आणि बुडालेली मजुरी यांपायीं त्याची तारीख चुकते. अशाचा आप्त शहरांत असल्यास त्यानें ती तारीख आपल्या भिंतीवरील दिनदर्शिकेंत लिहून ठेवावी व एक रात्र त्याला आपल्या घरीं उतरवून घ्यावें. मधल्या काळांत खोकला वाढला, थुंकींतून रक्त पडलें किंवा हाडें दुखूं लागलीं, तर तारखेची वाट न पाहतां डॉक्टरांकडे जावें. आणि तंबाखू? ती पूर्णपणें सोडावी. तिची भरपाई कोणतेंही चित्र करूं शकत नाहीं.